कोच थांबला, अपेक्षा पुढे निघून गेल्या

२४ ऑगस्ट २०२४. डब्लिनचं अवीवा स्टेडियम. सामना २१-२१ असा बरोबरीत आणि घड्याळात जेमतेम एका चालीपुरता वेळ उरलेला. जॉर्जिया टेकच्या खेळाडूने ४४ यार्डांवरून, म्हणजे साधारण ४० मीटरवरून चेंडूला लाथ मारली. चेंडू उभ्या खांबांच्या मधून आरपार गेला, तीन गुण मिळाले आणि त्याच क्षणी वेळ संपली. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ २४-२१ असा हरला. अटलांटिक महासागर ओलांडून आलेले त्यांचे चाहते जागच्या जागी थिजून उभे राहिले.

हंगामातला हा पहिलाच सामना होता. अजून अकरा बाकी होते आणि हार फक्त तीन गुणांची होती. तरीही त्या रात्री या संघाच्या माणसांना झालेलं दुःख तीन गुणांच्या मापाचं नव्हतं. ते कशाच्या मापाचं होतं हे कळायला सात महिने मागे, जानेवारीत जावं लागतं.

पण त्याआधी या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. हा आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन, अंगावर येणाऱ्या धिप्पाड माणसांना चुकवत पुढे सरकायचा हा अमेरिकी फुटबॉल आहे. तिथे विद्यापीठांच्या संघांना जो मान आहे, त्याची कल्पना आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांवरून येणार नाही. टॅलाहासी ही फ्लोरिडाची राजधानी, वस्ती दोन लाखांच्या आसपास. तिथल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचं स्टेडियम मात्र कित्येक वर्षं जवळजवळ ८० हजार प्रेक्षकांचं होतं. आपल्याकडून एमएस करायला अशा गावात गेलेल्या मुलांना पहिल्याच शनिवारी कळतं की आज रस्ते, दुकानं, गप्पा सगळं एकाच गोष्टीभोवती फिरणार आहे. खेळाडू तीन-चार वर्षांत पदवी घेऊन किंवा त्याआधीच निघून जातात. राहतो तो मुख्य प्रशिक्षक. त्यामुळे चाहत्यांची सगळी माया, सगळा राग आणि सगळी आशा त्या एका माणसावर येऊन बसते.

फ्लोरिडा स्टेटचा हा माणूस म्हणजे माइक नॉर्वेल. त्याची पहिली चार वर्षं पाहा. २०२० मध्ये ३ विजय आणि ६ पराभव, २०२१ मध्ये ५-७, २०२२ मध्ये १०-३ आणि २०२३ मध्ये सलग १३ विजय. त्या शेवटच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्डन ट्रॅव्हिस या त्यांच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूचा, पाय मोडला. संघ तरीही हरला नाही, पण राष्ट्रीय विजेतेपदासाठी कोणते चार संघ खेळतील हे ठरवणाऱ्या निवड समितीने त्याला त्या चारांत घेतलं नाही. मोठ्या विभागाचा (विद्यापीठ-संघांच्या मोठ्या गटाचा) अपराजित विजेता असा बाहेर ठेवला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर ऑरेंज बाउल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात, वीसहून अधिक खेळाडू मैदानाबाहेर असताना, जॉर्जिया विद्यापीठाने त्यांना ६३-३ असं चिरडलं. चाहत्यांनी तो निकाल हिशोबात धरलाच नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मनात ठसठसत राहिला तो निवड समितीने केलेला अन्याय.

मग १० जानेवारी २०२४ रोजी अलाबामा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी निवृत्ती जाहीर केली. या खेळातली ती सर्वांत मानाची खुर्ची. नॉर्वेलचं नाव लगेच चर्चेत आलं. टॅलाहासीने दोन दिवस श्वास रोखून धरला आणि मग बातमी आली: नॉर्वेल राहतोय. आठ वर्षांचा नवा करार, वर्षाला सरासरी एक कोटी डॉलरहून अधिक.

त्या दोन दिवसांत संघात काय बदललं? काहीच नाही. एकही नवा खेळाडू आला नव्हता, एकही डावपेच सुधारला नव्हता. उलट १३ सामने जिंकून देणारे खेळाडू निघून चालले होते. एप्रिलमध्ये त्यांच्यातल्या दहा जणांना व्यावसायिक संघांनी निवडलं. बदललं होतं ते फक्त चाहत्यांच्या मनातलं एक माप, आणि तेही केवढं तरी वर सरकलं होतं.

हे माप कसं सरकतं, याचं सर्वांत सुंदर उत्तर मला माकडांच्या मेंदूत सापडतं. वोल्फ्राम शुल्झ हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींचा, म्हणजे डोपामाइन हे रसायन सोडून संदेश पाठवणाऱ्या पेशींचा, अभ्यास करत होते. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी धडाधड संदेश पाठवत. मग त्यांनी रसाच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात केली. काही दिवसांत माकडाला कळलं की खूण झाली की रस येतो. आणि पेशींचं वागणं पालटलं. आता त्या खुणेलाच उसळायच्या आणि प्रत्यक्ष रस जिभेवर आला तरी शांत राहायच्या. ठरल्याप्रमाणे आलेल्या रसात त्यांच्यासाठी नवीन काही उरलं नव्हतं. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींची नेहमीची मंद लयसुद्धा खाली बसायची. १९९७ मध्ये शुल्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचा अर्थ नीट मांडला. या पेशी सुख मोजत नाहीत, त्या अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक मोजतात.

‘कोच राहतोय’ ही बातमी म्हणजे जानेवारीत मिळालेली खूण. आनंद तेव्हाच उपभोगून झाला. ऑगस्टमध्ये विजय आले असते तर ते ठरल्याप्रमाणे आलेल्या रसासारखे वाटले असते, आणि न आल्यावर काय होतं ते डब्लिनने दाखवलं. माकडाच्या एका पेशीवरून माणसांच्या गर्दीवर उडी मारताना सावध राहायला हवं, हे खरं. पण माणसांचा अभ्यास करणारे लोक वेगळ्याच वाटेने याच ठिकाणी पोचले आहेत.

डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की माणूस लाभ-हानी शून्यापासून मोजत नाही. तो मनातल्या एका खुंटीपासून मोजतो, आणि खुंटीच्या खालची घसरण त्याला तेवढ्याच चढणीपेक्षा जास्त लागते. कोचने थांबायचं ठरवलं की ही खुंटी उपटून वर ठोकली जाते. अलाबामाची खुर्ची ज्याच्या आवाक्यात होती तो इथे राहिला, म्हणजे त्याला आतलं काहीतरी माहीत असणार, पुढचा संघ भारी असणार, असा अर्थ लोक काढतात. दुसऱ्याने मागणी घातली की आपल्या घरातल्या वस्तूचा भाव आपल्याच डोळ्यांत वाढतो, तसंच हे आहे. २०२४ चा हंगाम सुरू होताना देशाच्या क्रमवारीत हा संघ दहावा होता आणि आपल्या विभागात पहिला येईल असं पत्रकारांचं मत होतं. म्हणजे खुंटी फक्त भाबड्या चाहत्यांनी वर नेली नव्हती, जाणकारांचेही हात तिला लागले होते.

इथे गणिताला मध्ये आणायला हवं. नियमित हंगामात सामने किती? फक्त बारा. समजा एखादा संघ इतका चांगला आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ८५ टक्के आहे. बाराच्या बारा जिंकण्याची शक्यता मग किती? ०.८५ ला स्वतःशी बारा वेळा गुणायचं. उत्तर येतं १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे असा उत्तम संघही सातातून एखाद्याच वर्षी अपराजित राहील. उरलेल्या वर्षांत तो तितकाच चांगला असेल, पण एखादा चेंडू खांबाला लागेल, एखाद्या दिवशी पाऊस येईल, एखाद्याचा घोटा मुरगळेल. म्हणून अपराजित हंगाम दिसला की त्यात गुणवत्तेबरोबर दैवाचाही भरपूर वाटा असतो. पुढच्या वर्षी गुणवत्ता राहिली तरी दैव तेवढंच राहील याची हमी नाही.

याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांना हे १८८० च्या दशकात माणसांच्या उंचीत दिसलं. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सहसा आईबापांइतकी नसतात. काहनेमन इस्रायली हवाई दलातला एक अनुभव सांगत. तिथल्या प्रशिक्षकांची पक्की खात्री होती की कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं आणि झापलं की सुधारतं. काहनेमन यांना उमगलं की कौतुक आणि झापणं यांचा इथे काही संबंध नाही. विलक्षण चांगल्या उड्डाणानंतर बहुधा साधारण उड्डाण येतं आणि विलक्षण वाईटानंतरही साधारणच येतं. कोचचा नवा करार नेमका त्या विलक्षण चांगल्या उड्डाणानंतर होतो! त्याला मागणी येते तीच शिखरावर असताना. म्हणून ‘कोच राहिला’ ही बातमी घसरणीच्या बरोबर आधी येण्याचीच शक्यता जास्त असते, आणि लोक मात्र तिथून आणखी वर जाणाऱ्या पायऱ्या मोजू लागतात.

फ्लोरिडा स्टेटची घसरण केवळ सरासरीकडे परतण्याची होती असं मात्र म्हणता येणार नाही. २०२४ मध्ये त्यांनी बारापैकी दोन सामने जिंकले आणि दहा हरले. सरासरी घसरणीची दिशा सांगते, ही खोली सांगत नाही. गेलेल्या खेळाडूंच्या जागा भरल्या नाहीत, नवा क्वार्टरबॅक चालला नाही, आक्रमण कोसळलं. बॉस्टन कॉलेजने हरवलं, मग मेंफिसने, म्हणजे नॉर्वेल जिथून आला होता त्याच विद्यापीठाने.

आणि अपेक्षाभंग ही फक्त स्टेडियमपुरती गोष्ट राहत नाही. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढे काही वाचवलं नाही. त्यांनी अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल सामन्यांचे निकाल, सामन्याआधीचे सट्टेबाजांचे अंदाज आणि पोलिसांकडच्या घरगुती हिंसेच्या नोंदी एकत्र ठेवल्या. गावचा संघ हरणारच असं सगळ्यांना वाटत असताना तो हरला, तर घरांत काही वाढ दिसत नव्हती. जिंकणार असं वाटत असताना हरला, तर पुरुषांनी पत्नीला किंवा मैत्रिणीला मारण्याच्या घटना सुमारे १० टक्क्यांनी वाढत होत्या, आणि ही वाढ सामना संपण्याच्या सुमाराला एकवटलेली होती. अनपेक्षित विजयाने मात्र घरातली हिंसा तेवढी कमी होत नव्हती. हार दोन्हीकडे तीच. वेगळी होती ती खुंटी, आणि तिची किंमत ज्या बाईला मोजावी लागली तिने कदाचित तो सामना पाहिलाही नसेल. अपेक्षांचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

चाहता आणि संघ यांच्यातली ही गाठ भाषेतही दिसते. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी सात विद्यापीठांत सोमवारी वर्गातल्या मुलांचे कपडे पाहिले. शनिवारी संघ जिंकला असेल तर विद्यापीठाचं नाव मिरवणारे कपडे जास्त दिसत. फोनवर सामन्याबद्दल विचारलं, तर विजयाचं वर्णन ‘आपण जिंकलो’ असं व्हायचं आणि पराभवाचं ‘ते हरले’ असं. क्रिकेट पाहणाऱ्या कुठल्याही मराठी घराला हे ओळखीचं वाटेल. कोच राहतो तेव्हाही ‘तो राहिला’ असं कुणी म्हणत नाही. ‘आपल्याकडे राहिला’ म्हणतात, आणि त्या एका शब्दाबरोबर त्याचं यश आपल्या खात्यावर आगाऊ जमा होतं.

मग कोच बदलला तर? स्कॉट एडलर, मायकेल बेरी आणि डेव्हिड डोहर्टी यांनी १९९७ ते २०१० या काळातल्या कॉलेज फुटबॉलच्या आकड्यांवरून हे तपासलं. नव्या कोचनंतरच्या वर्षांची तुलना त्यांनी तशाच कामगिरीच्या, पण कोच न बदललेल्या संघांशी केली. अगदी तळाच्या संघांना बदलाचा फारसा फायदा झाला नव्हता. मधल्या फळीतल्या संघांनी कोच बदलला तर ते, न बदलणाऱ्यांपेक्षा, पुढे आणखी वाईट खेळले. तळाचा संघ नव्या माणसाखाली वर येतो, ते बऱ्याचदा तो एरवीही वर आलाच असता म्हणून. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळतं.

आणि हारजितीची भावना टिकते तरी किती? व्हर्जिनिया विद्यापीठात टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलप्रेमी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की सामन्यानंतर काही दिवसांनी तुम्ही किती खूश किंवा नाराज असाल. बहुतेकांनी भावना जास्त दिवस टिकेल असं धरलं. ज्यांना आधी त्या दिवसांची दिनचर्या लिहून काढायला सांगितली, म्हणजे किती तास अभ्यास, किती वेळ मित्रांत, किती वेळ जेवणाखाणात, त्यांचे अंदाज खूपच शांत निघाले. उरलेलं आयुष्य कागदावर उतरवलं एवढंच.

टॅलाहासीत नंतर काय झालं? ३० ऑगस्ट २०२५ रोजी फ्लोरिडा स्टेटने चक्क अलाबामाला ३१-१७ असं हरवलं. लोक मैदानात धावले, खुंटी पुन्हा वर गेली, संघ क्रमवारीत पहिल्या दहांत पोचला. मग व्हर्जिनियाकडून जादा वेळेत हार, मायामीकडून हार, पिट्सबर्गकडून हार. वर्ष ५-७ वर संपलं. नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाने पुन्हा जाहीर केलं की नॉर्वेल २०२६ मध्येही कोच राहणार.

तोच माणूस, तीच बातमी. या वेळी कुणी श्वास रोखून वाट पाहत नव्हतं, आणि पुष्कळांना तर तो जावा असंच वाटत होतं. जानेवारी २०२४ मध्ये या चाहत्यांसमोर पुढच्या हंगामाचे सात विजय ठेवले असते, तर त्यांनी ते अपमान समजून परत केले असते. २०२५ च्या शेवटी त्याच सात विजयांसाठी त्यांनी आनंदाने सही केली असती.