सायबर धोक्यांचे वर्गीकरण व जोखीम-मोजणी

सर्व्हर, राऊटर, फायरवॉल यांच्या लॉगवर (आपोआप होणाऱ्या घडामोडींच्या नोंदींवर) नजर ठेवून हल्ल्याचा प्रकार ठरवणे आणि संभाव्य नुकसानीचा अंदाज बांधणे. प्रकार चुकला की उपायही चुकतो. जून २०१७मध्ये न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे काम नॉटपेट्यामुळे ठप्प झाले. हा व्हायरस खंडणीखोर भासला, पण तो डेटा कायमचा नासवणारा होता. पैसे भरून काहीच परत मिळणारे नव्हते.

वर्गीकरणाची स्ट्राइड ही रूढ पद्धत सहा गट मानते: तोतयेगिरी, फेरफार, केलेले नाकारणे, माहितीफूट, सेवा बंद पाडणे, अधिकार बळकावणे. एकट्या नोंदीवरून गट ठरत नाही, क्रम पाहावा लागतो. विंडोजमध्ये नोंद क्रमांक ४६२५ (फसलेले लॉगिन) ओळीने दिसले, त्याच पत्त्यावरून ४६२४ (यशस्वी लॉगिन) आले, पाठोपाठ ४७२० (नवे खाते) आणि ११०२ (लॉग पुसला) उमटले, तर तो पासवर्ड विसरलेला कारकून नव्हे.

जोखीम म्हणजे एका घटनेचे नुकसान गुणिले वर्षातील अपेक्षित वेळा. ४ लाखांचे नुकसान पाच वर्षांतून एकदा अपेक्षित असेल, तर वर्षाला ८०,००० रुपये. सीव्हीएसएस या सॉफ्टवेअरमधील त्रुटी मोजण्याच्या पद्धतीचे ० ते १० गुण त्रुटीची तीव्रता सांगतात, जोखीम नव्हे. तरी अहवालांत तेच जोखीम म्हणून सर्रास छापतात. अलार्मचे प्रमाणही फसवे असते. १०,००० नोंदींत खरा हल्ला एकच असेल आणि हल्ला ओळखणारा नियम १ टक्का वेळा चुकत असेल, तर त्या एकामागे शंभरेक खोटे अलार्म येतात.

कोकणातील बँका-पतसंस्थांच्या शाखांत खरी अडचण पावसाळ्यात येते. वीज परतली की सगळी यंत्रे एकदम लॉगिन करतात आणि जुना पासवर्ड साठवलेल्या सेवा ४६२५चा भडिमार करतात. मुख्यालयाशी जोडणारी नेटवर्कची लाइन तुटली की लॉग शाखेतच साचतो. विंडोजच्या सुरक्षा लॉगची मूळ मर्यादा २० एमबी, ती भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. मुख्यालयात मात्र शांतता दिसते आणि तिलाच सुरक्षितता समजले जाते. म्हणून मर्यादा वाढवावी, शाखेकडून १५ मिनिटे काहीच आले नाही तर तोही अलार्म धरावा, आणि प्रयत्नांचा दर काढताना भागाकार प्रत्यक्ष निरीक्षणाच्या तासांनी करावा. जुलैच्या ७४४ तासांपैकी १४४ तास लाइन बंद असेल, तर १२ प्रयत्नांचा दर शंभर तासांना १.६ नसून २ होतो.

मदरबोर्डवरील बॅटरी संपलेल्या यंत्राचे घड्याळ वीज गेल्यावर मागे पडते आणि घटनांचा क्रम विस्कटतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवणे, लॉग १८० दिवस ठेवणे आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे.

लॉगिनची नेहमीची पातळी ठरवताना आंब्याचा हंगाम वेगळा काढावा. गणपतीत चाकरमानी गावी येतात आणि अनोळखी ठिकाणांहून लॉगिन वाढतात. तिथे गेल्या वर्षीची तारीख नव्हे, तिथी धरून तुलना करावी.