कायदेविषयक प्रत्यक्षार्थवाद आणि कुटुंबकायदा

अधिकार असलेल्या मानवी सत्तेने केलेला किंवा मान्य केलेला कायदा म्हणजे प्रस्थापित कायदा. विधिमंडळाचा अधिनियम, न्यायालयाचा बंधनकारक निर्णय आणि सिद्ध झालेली रूढी हे त्याचे प्रमुख उगम. कायदा आहे की नाही हे उगमावरून ठरते, तो न्याय्य आहे की नाही हा वेगळा प्रश्न आहे, असे प्रत्यक्षार्थवाद मानतो. कायद्याचा पाया नैतिक तत्त्वांत पाहणारी नैसर्गिक कायद्याची परंपरा हे दोन प्रश्न पूर्णपणे तोडायला तयार नसते. कुटुंबकायद्यात या वादाला रोजचा अर्थ येतो, कारण एखादी स्त्री पत्नी आहे का, मूल औरस आहे का, वारसा कोणाकडे जातो, हे सारे आधीच्या एका विवाहाच्या वैधतेवर अवलंबून असते.

इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅमच्या विचारांना कायदेपंडित जॉन ऑस्टिन (१७९०–१८५९) याने आटोपशीर सूत्र दिले: कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, आणि ती मोडल्यास शास्ती. फौजदारी कायद्याला हे वर्णन बऱ्यापैकी लागू पडते, कुटुंबकायद्याला फारच थोडे. लग्न करा, दत्तक घ्या किंवा मृत्युपत्र करा, अशी आज्ञा सहसा कोणताच कायदा देत नाही. करायचे असेल तर कसे करावे, एवढेच तो सांगतो. इंग्रज कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्टने १९६१ साली नेमके या उणिवेवर बोट ठेवले. काही नियम कर्तव्य लादतात, काही अधिकार देतात. दुसऱ्या प्रकारात चूक झाली तर शिक्षा होत नाही, कृत्य शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने न झाल्यासारखे, ठरते. चोरीची शिक्षा काढून टाकली तरी ‘चोरी करू नये’ हा नियम अर्थपूर्ण राहतो. मृत्युपत्रावर साक्षीदारांची सही नसतानाही ते वैध मानले, तर साक्षीदारांची अट उरतच नाही.

भारताच्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी सापडतात. कलम ५ विवाहाच्या अटी सांगते. हयात जोडीदार असताना किंवा निषिद्ध नात्यात केलेला विवाह कलम ११ प्रमाणे मुळातच शून्य असतो. फसवून संमती घेतली असेल तर कलम १२ प्रमाणे तो शून्यकरणीय, म्हणजे न्यायालयाने रद्द करेपर्यंत वैध. वयाची अट (वधू १८, वर २१) मोडल्यास शिक्षा आहे, पण हा कायदा विवाह शून्य ठरवत नाही. बालविवाह रद्द करून घेण्याची मुभा २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने दिली. अज्ञान (अल्पवयीन) असताना ज्याचे लग्न झाले त्या पक्षाने त्यासाठी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. बेकायदा म्हणजे शून्य, हे समीकरण म्हणूनच धोक्याचे.

नोंदणीबाबतही असाच गैरसमज आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोरील घोषणेने विवाह पूर्ण होतो. हिंदू विवाह कायद्यातली नोंदणी मात्र केवळ पुरावा असते. विधी झालाच नसेल तर प्रमाणपत्रातून विवाह निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. याच तर्काची कडू बाजू १९६५ च्या एका निकालात दिसली. द्विभार्येच्या आरोपात दुसरे लग्न आवश्यक विधींनी झाल्याचे सिद्ध न झाल्याने गुन्हाच बनला नाही. ज्याने विधी अर्धवट उरकले तो सुटतो!

शून्यतेचा फटका बहुधा निर्दोष माणसाला बसतो. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शून्य विवाहातील स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी नाकारली. २०१३ साली, पहिले लग्न लपवणाऱ्या पुरुषाला ही पळवाट मिळणार नाही, असे त्याच न्यायालयाने ठरवले. मुलांसाठी उपाय विधिमंडळाने केला: कलम १६ शून्य विवाहातील अपत्यांना औरस मानते, पण संपत्तीतील हक्क आईबापांच्या मालमत्तेपुरताच देते. प्रत्यक्षार्थवादी याला विसंगती म्हणणार नाही. विवाह शून्य आणि मूल औरस, हे दोन्ही परिणाम त्याच कायद्याने नेमून दिलेले आहेत.

रूढीने ऑस्टिनला अडचणीत आणले होते. न्यायालयाने मान्य केल्यावरच ती कायदा होते, सार्वभौमाचे मौन ही मूक आज्ञा समजावी, असा मार्ग त्याने काढला. जर्मन विधिपंडित साविन्यीच्या ऐतिहासिक संप्रदायाला हे उलटेच वाटे, कारण त्याच्या मते कायदा लोकजीवनात आधी असतो आणि राज्य त्याला नंतर ओळखते. हिंदू कायद्यात सिद्ध रूढी ग्रंथवचनापेक्षा वरचढ ठरते, असे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) १८६८ साली म्हटले. मात्र रूढी दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेल्याचे दाखवावे लागते; शिवाय ती निश्चित हवी, अवाजवी किंवा लोकहिताच्या विरुद्ध नसावी. ‘फारकत’ स्टँप पेपरवर लिहून दिली आणि जातीतली घटस्फोटाची रूढी सिद्ध करता आली नाही, तर पहिला विवाह कायम राहतो आणि दुसरा शून्य होतो.

तत्त्वज्ञ स्वतःच या वादळात सापडल्याचे उदाहरण ऑस्ट्रियाचे. तिथल्या १८११ च्या नागरी संहितेनुसार कॅथलिकांचा विवाह केवळ मृत्यूने संपे. विभक्त राहता येई, पुनर्विवाह करता येत नसे. १९१९ पासून लोअर ऑस्ट्रियाचे प्रांतप्रमुख आल्बर्ट झेव्हर यांनी ‘विद्यमान विवाहाचा अडसर’ प्रशासकीय सवलतीने दूर करायला सुरुवात केली आणि हजारो जोडप्यांनी पुन्हा लग्ने केली. दिवाणी न्यायालये ती लग्ने शून्य ठरवू लागली. प्रत्यक्षार्थवादी तत्त्वज्ञ हान्स केल्सन (१८८१–१९७३) तेव्हा घटना न्यायालयाचा न्यायाधीश होता. घटस्फोट चांगला की वाईट, याला त्याने हातच घातला नाही. राज्याच्या एका अंगाने दिलेली परवानगी दुसरे अंग स्वतःच्या अधिकारात निरर्थक ठरवू शकते का, हा त्याचा प्रश्न होता आणि घटना न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. केल्सनच्या मते प्रत्येक नियमाची वैधता वरच्या नियमातून येते आणि ही साखळी गृहीत धरलेल्या मूलनियमापाशी थांबते. सवलतीची तपासणीही त्या साखळीतल्या अधिकृत मार्गानेच व्हायला हवी. विरोधकांनी त्याला द्विभार्येचा पाठीराखा ठरवले. न्यायालयाची पुनर्रचना झाली, त्यात त्याचे पद गेले आणि १९३० साली तो कोलोनला निघून गेला.

सर्वांत गंभीर आक्षेप जर्मनीतून आला. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यू आणि ‘जर्मन रक्ताचे’ नागरिक यांच्यातील विवाहांवर बंदी घातली होती, आणि उगम पाहिला तर ते कायदेच होते. जर्मन कायदेतत्त्वज्ञ गुस्टाव्ह राडब्रुखने १९४६ साली असह्य कोटीचा अन्याय करणाऱ्या नियमाला कायदा मानू नये, असे सूत्र मांडले. हार्टचे उत्तर: तो कायदा होता, पण पाळण्यास अपात्र होता, असे उघड म्हणावे. बंदीमुळे ज्यांना लग्न करता आले नव्हते त्यांच्यासाठी पश्चिम जर्मनीने १९५० साली खास कायदा करून छळग्रस्तांच्या अनौपचारिक विवाहांना मान्यता दिली. जोडीदार मरण पावला असला तरी त्यांना विवाहाचे परिणाम मिळू शकले. या एका बाबतीत तरी हार्टचा मार्ग अधिक उपयोगी पडला असे दिसते, कारण नुसती बंदी शून्य मानल्याने न झालेली लग्ने झाली नसती.

मुलाच्या ताब्याच्या खटल्यात ‘मुलाचे हित’ हा निकष (संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे कलम ३) नियमापेक्षा मोकळा आहे. हार्टच्या दृष्टीने इथे न्यायाधीश स्वविवेक वापरतो. हार्टचा टीकाकार, अमेरिकन कायदेतत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किनच्या मते तो कायद्यातच असलेली तत्त्वे शोधतो. प्रत्यक्षार्थवादी जोसेफ राझ म्हणतो, कायद्याने न्यायाधीशाला नीतीकडे पाठवले म्हणून नीती कायदा होत नाही, जसा परदेशी कायदा लागू करायला सांगितल्याने तो आपला होत नाही. व्यवहारात फरक युक्तिवादात पडतो. अशा खटल्यात जुना निकाल दाखवून भागत नाही. मुलाचे वय, शाळा, सांभाळणारी व्यक्ती आणि मुलाची इच्छा यांचा पुरावा द्यावा लागतो. परिस्थिती बदलली की ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो.