मापनाचा धक्का आणि अनिश्चितता तत्त्व

इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो, त्या धक्क्याने त्याचा वेग बदलतो, म्हणून स्थान आणि वेग दोन्ही एकदम अचूक कळत नाहीत. अनिश्चितता तत्त्व बहुधा असंच शिकवलं जातं. यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते, आणि तत्त्वाचा गाभाच निसटतो.

मापनाचा धक्का पाहायला क्वांटम प्रयोगशाळा लागत नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीला १० मेगाओहमचे दोन रोधक एकसर जोडा. प्रत्येकावर ४.५ व्होल्ट असतात. आता एकावर नेहमीचा डिजिटल मल्टीमीटर लावा, तो ३ दाखवेल. मीटर बिघडलेला नाही. त्याचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो. तो समांतर जोडला गेला की त्या बाजूला ५ मेगाओहमच उरतात आणि ९ व्होल्टची वाटणी ५ : १० अशी होते. मीटरचा रोध ठाऊक असेल तर मूळ आकडा कागदावर काढता येतो. १००० मेगाओहमचा मीटर मिळाला तर ४.४८ दिसेल. उपकरण सुधारलं की धक्का कमी होतो.

अनिश्चितता तशी कमी होत नाही. स्थानाचा पसारा गुणिले संवेगाचा (वस्तुमान गुणिले वेग) पसारा, हा गुणाकार सुमारे ५.३ गुणिले १० चा उणे ३५ वा घात (ज्यूल-सेकंद) याच्या खाली जाऊच शकत नाही. इथे पसारा म्हणजे काय, हे नीट पाहायला हवं. अगदी एकाच पद्धतीने तयार केलेले हजारो इलेक्ट्रॉन घ्या. निम्म्यांचं फक्त स्थान मोजा, उरलेल्यांचा फक्त संवेग. प्रत्येक इलेक्ट्रॉनवर एकच मापन झालं, म्हणजे स्थान मोजताना संवेग बिघडला असं म्हणायला जागाच नाही. तरीही दोन्ही गटांतल्या आकड्यांचे पसारे ही मर्यादा पाळतात. स्थानाचा पसारा ०.१ नॅनोमीटर असेल, तर वेगाचा पसारा सेकंदाला किमान ५८० किलोमीटर. क्रिकेटच्या चेंडूसाठी हाच हिशेब इतका नगण्य येतो की तो कुठल्याच उपकरणाला दिसणार नाही.

द्रव हेलियमकडे पाहा. नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली तो निरपेक्ष शून्याजवळ नेला तरी गोठत नाही. अणूला जागेवर जखडायला जावं तर त्याच्या संवेगाचा पसारा वाढतो, आणि हेलियमच्या अणूंमधलं आकर्षण ती हालचाल आवरायला फार दुबळं पडतं. घनरूप हवं असेल तर सुमारे २५ वातावरणांइतका दाब द्यावा लागतो. तिथे कोणीही काही मोजत नसतं.

हा गोंधळ हे तत्त्व मांडणाऱ्या खुद्द हायझेनबर्ग यांच्यापासून आहे. १९२७ मध्ये त्यांनी गॅमा किरणांच्या काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचं उदाहरण दिलं, ते धक्क्याचंच होतं. पसाऱ्याची असमानता, म्हणजे वर सांगितलेली मर्यादा, त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ केनार्ड यांनी गणिताने सिद्ध केली. मापनातली त्रुटी आणि धक्का यांचा संबंध कसा मांडावा, हा प्रश्न मात्र बराच काळ रेंगाळला. जपानी संशोधक मासानाओ ओझावा यांनी २००३ मध्ये त्यासाठी वेगळी असमानता मांडली. २०१२ मध्ये व्हिएन्नात न्यूट्रॉनच्या स्पिनवर (कणाच्या अंगभूत कोनीय संवेगावर) तिची चाचणी झाली. ओझावांच्या व्याख्येनुसार मोजलेला त्रुटी आणि धक्क्याचा गुणाकार हायझेनबर्ग यांच्या धक्क्याच्या युक्तिवादासारख्या मर्यादेखाली गेला. केनार्ड यांची पसाऱ्यांची असमानता मात्र त्याने खोटी ठरली नाही.