लाकडी फरशीचे मेण : आधी अनिवार्य, मग वर्ज्य

लाकडी फरशीवर पाणी ओतू नये, हा नियम आज प्रत्येक माहितीपत्रकात असतो. त्यामागचा अनुभव सतराव्या शतकातील फ्रान्सइतका जुना आहे. व्हर्सायच्या राजवाड्यात वरच्या मजल्यांवरचा संगमरवर सतत धुवावा लागे, ते पाणी सांध्यांतून झिरपून खालच्या लाकडी तुळया कुजत, आणि म्हणून १६८४ च्या सुमारास तेथे ओकच्या पट्ट्या चौकटीत बसवून केलेली ‘पार्के’ फरशी आली. पाण्याचा त्रास टाळण्यासाठीच घातलेली ही फरशी धुणार कोण? तिला मेण लावून घासत. फ्रान्समधील मोठ्या घरांत हे काम ‘फ्रोतर’ म्हणवले जाणारे कामगार करीत. ते पायाला ब्रश बांधून खोलीभर पाय सरकवत फिरत. त्या चकाकीची किंमत कुणाच्या तरी पोटऱ्या मोजत होत्या.

मेणाखालचा थर खराब झाला की तो खरवडण्यावाचून गत्यंतर नसे. ग्युस्ताव काईबोत यांच्या १८७५ च्या चित्रात पॅरिसच्या एका घरात उघड्या अंगाचे तीन कामगार गुडघ्यांवर वाकून हेच करताना दिसतात. भोवती सालपटांची भेंडोळी पडली आहेत आणि कोपऱ्यात दारूची बाटली आहे. विषय हलका वाटल्याने की काय, त्या वर्षीच्या अधिकृत प्रदर्शनाने हे चित्र नाकारले.

अमेरिकेत हीच देखभाल बाजारपेठ बनली. विस्कॉन्सिनमधील रासीन येथे सॅम्युएल जॉन्सन यांनी १८८६ मध्ये पार्के फरशीचा व्यवसाय विकत घेतला. ‘ही फरशी राखायची कशी?’ असे ग्राहक विचारू लागल्यावर त्यांनी तयार मेण विकायला काढले आणि काही वर्षांतच मेणाची विक्री फरशीच्या पुढे गेली. १९१७ मध्ये कंपनीने फरशीचा धंदाच बंद केला. त्या काळच्या अनेक अमेरिकी फरश्यांवर चपडा लाखेचा थर असे, आणि ही लाख मुख्यतः भारतातून जाई. स्पिरिटमध्ये विरघळवून लावलेली लाख झटपट वाळते, पण तिच्यावर पाणी साचले की पांढरे डाग उमटतात. म्हणून वर मेण हवेच.

हे गणित पॉलियुरेथेनने बदलले. ऑटो बायर यांनी जर्मनीत १९३७ मध्ये विकसित केलेल्या या रसायनाचे व्हार्निश महायुद्धानंतरच्या दशकांत फरश्यांवर आले. त्याचा कठीण थर स्वतःच झीज सोसतो. मऊ झाडू आणि घट्ट पिळलेले फडके एवढे त्याला पुरते. आजी-आजोबांच्या काळची सवय म्हणून त्यावर मेण लावले, तर फरशी निसरडी होते आणि पुढचा व्हार्निशचा हात त्यावर धरत नाही. मग सगळे घासून थेट कोऱ्या लाकडापर्यंत जावे लागते.