दृश्य प्रतिक्रियाकाल आणि अवधान

डोळ्यांना खूण दिसल्यापासून शरीर तिला ठरलेला प्रतिसाद देऊ लागेपर्यंत जो वेळ जातो, त्याला दृश्य प्रतिक्रियाकाल म्हणतात. तरुण, निरोगी आणि खुणेची वाट पाहत बसलेल्या माणसात तो साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद भरतो. या वाक्यातले महत्त्वाचे शब्द 'वाट पाहत बसलेल्या' हे आहेत. प्रयोगशाळेतल्या माणसाला दिवा लागणार हे ठाऊक असते. गाडी चालवणाऱ्याला कुत्रे आडवे येणार हे ठाऊक नसते.

हा वेळ घरीही अनुभवता येतो. शंभराची नवी नोट १४२ मिलिमीटर लांब असते. एकाने ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी आणि दुसऱ्याने तिच्या मध्यापाशी, स्पर्श न करता, अंगठा व तर्जनी उघडी ठेवावी. पहिल्याने नोट सोडली की दुसऱ्याने पकडायची. बोटांच्या वर उरलेली ७ सेंटिमीटर नोट सुमारे ०.१२ सेकंदात खाली निघून जाते आणि चिमूट रिकामीच मिटते. कोणी पकडलीच, तर बहुधा नोट सुटण्याआधीच त्याची बोटे हललेली असतात. तो अंदाज झाला, प्रतिक्रिया नव्हे. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत निघालेल्या धावपटूची सुरुवात चुकीची धरतात, तीही याच तर्काने. नोटेऐवजी पट्टी घेऊन शून्याची खूण बोटांपाशी ठेवली, तर मोजमापही करता येते : पट्टी २० सेंटिमीटरवर पकडली गेली तर प्रतिक्रियाकाल जवळजवळ ०.२ सेकंद.

आवाजाला माणूस प्रकाशापेक्षा लवकर प्रतिसाद देतो. कानातल्या पेशी कंपनाने थेट उद्दीपित होतात, तर दृष्टिपटलात आधी रासायनिक प्रक्रिया घडते आणि मग संदेश पेशींचे थर ओलांडून मेंदूकडे निघतो. प्रकाश मंद असला की ही प्रक्रिया आणखी रेंगाळते. याचा सुंदर पुरावा कार्ल पुलफ्रिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये मांडला. दोरीला किल्ली बांधून ती डावीउजवीकडे सरळ रेषेत झुलवावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून एकाच डोळ्यापुढे गॉगलची काळी काच धरावी. किल्ली लंबवर्तुळात फिरताना दिसू लागते, कारण झाकलेल्या डोळ्याचा संदेश किंचित उशिरा पोहोचतो. पुलफ्रिख यांची एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती. स्वतःच्या नावाचा हा परिणाम त्यांना पाहता येत नव्हता. दिवेलागणीच्या वेळी वाहन चालवणाऱ्याचे दोन्ही डोळे त्या काळ्या काचेमागे असतात, असे म्हणायला हरकत नाही. खूण लहान, फिकी किंवा नजरेच्या कडेला असली तरीही प्रतिसाद लांबतो.

डोळ्यानंतरचा मोठा खर्च निर्णयाचा. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी १८६८ मध्ये दाखवले की, एकाच खुणेला एकच ठरलेला प्रतिसाद देण्यापेक्षा अनेक खुणांतून योग्य प्रतिसाद निवडायला जास्त वेळ लागतो. दोन वेळांची वजाबाकी केली की विचाराचा वेळ हाती येतो, ही त्यांची कल्पना. १९५२ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक यांनी त्यात नियम शोधला : पर्याय दुप्पट झाले की प्रतिक्रियाकालात दर वेळी जवळपास सारखीच भर पडते. सरावाने ही भर कमी होते.

क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो. टप्पा पडल्यावर चेंडूने अचानक दिशा बदलली, तर कसलेल्या फलंदाजालाही फटका बदलायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, म्हणजे इतर कोणाहीइतकेच. त्याचे वेगळेपण आधीच्या क्षणात आहे. तो चेंडू हातातून सुटताना पाहतो आणि मग त्याची नजर चेंडूचा पाठलाग सोडून टप्पा पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते.

नजर आणि अवधान मात्र एक नव्हेत. सायमन्स आणि चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ मधल्या प्रयोगात चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या जवळपास निम्म्या प्रेक्षकांना खेळाडूंमधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही. मराठीत 'डोळ्यांसमोर असून दिसले नाही' असे आपण सहज म्हणतो. ते शब्दशः खरे आहे. टिकून राहणे हाही अवधानाचा कमकुवत भाग आहे. रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या चुका समजून घ्यायला मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थ यांनी लोकांना घड्याळाच्या काट्याची क्वचित पडणारी दुप्पट उडी ओळखायला लावली (१९४८). अर्ध्या तासातच उड्या निसटू लागल्या. दोन कामे लागोपाठ आली की पहिल्याचा निर्णय होईपर्यंत दुसऱ्याला ताटकळावे लागते. म्हणून फोन कानाला न लावता, हात मोकळे ठेवून बोलणाराही ब्रेक उशिराच दाबतो.

विशीनंतर वाढत्या वयाबरोबर प्रतिक्रिया हळूहळू मंदावते. झोपेचा परिणाम त्याहून कितीतरी झपाट्याने होतो. सलग १७ तास जागे राहिलेल्यांचे हात-डोळ्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतके खालावल्याचे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात मोजले गेले. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. लग्न उरकून रात्रीच गावाकडे निघालेल्या ड्रायव्हरचा श्वास तपासला तर तो निर्दोष सुटतो.

प्रतिक्रियेच्या वेळेत माणसामाणसांत फरक असतो, हे आधी खगोलशास्त्रज्ञांच्या लक्षात आले. ग्रिनिचच्या वेधशाळेत आकाशातला तारा दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेमागून जाण्याची वेळ घड्याळाचे ठोके ऐकत टिपत. किनब्रुक या साहाय्यकाच्या नोंदी वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलाइन यांच्या नोंदींपेक्षा ०.८ सेकंद मागे पडू लागल्या आणि १७९६ मध्ये त्याची नोकरी गेली. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी इतर खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा असा फरक सगळ्यांतच निघाला. किनब्रुकला तो न्याय मिळाला नाही.

रस्त्याची आखणी करणारे प्रयोगशाळेतला ०.२ सेकंद धरत नाहीत. अडथळा दिसणे, तो काय आहे ते कळणे, काय करायचे ते ठरणे आणि पाय ब्रेकवर जाणे, या सगळ्यासाठी रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकांत २.५ सेकंद धरले आहेत. ताशी १०० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी सुमारे ६९ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर त्यापुढे सुरू होते.