जुन्या सायकलपटूंकडे गिअर नव्हते, कारण तेव्हा गिअरचा शोधच लागला नव्हता?

फॉरवर्डमध्ये फिरणारा दावा असा: टूर द फ्रान्सचे सुरुवातीचे स्पर्धक एकाच गिअरवर डोंगर चढले, कारण गिअर बदलण्याची सोयच तेव्हा नव्हती.

त्यांचे कष्ट खरेच होते. १९०३च्या पहिल्या शर्यतीत सहा टप्प्यांत सुमारे २४०० किलोमीटर अंतर होतं, ६० जण निघाले आणि २१ पोहोचले. कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं. चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्रान्समध्ये हौशी प्रवासी वापरत होते. शर्यतीत मात्र आयोजकांनी ती व्यावसायिक स्पर्धकांना नाकारली. निकाल पायांच्या ताकदीवर लागावा, हा त्यांचा आग्रह. परवानगी मिळाली थेट १९३७ मध्ये.

मग ते डोंगर कसे चढत? मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांच्या चकत्या असत. घाट आला की उतरायचं, चाक काढून उलटं बसवायचं, चेन ताणायची आणि पुन्हा निघायचं.

पडताळायला १९२०च्या दशकातले फोटो पाहा. मागच्या चाकाच्या मधोमध हाताने फिरवायचे पंखांचे नट दिसतील. काही फोटोंत घाटाच्या पायथ्याशी चाक उलटणारे स्पर्धकही सापडतात.