मणक्याच्या गादीची उपासमार
कंबरदुखीच्या एमआरआय रिपोर्टात दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) झिजल्याचं आलं की खापर फुटतं ते रस्त्यातल्या खड्ड्यांवर, टू-व्हीलरवर, नाहीतर दिवसभराच्या बैठ्या कामावर. खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाचं नाव कोणी घेत नाही. धूर जातो फुप्फुसात, मग कंबरेशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो कळायला ही गादी जगते कशी ते पाहावं लागतं. तिच्या बाहेर कोलॅजनच्या तंतूंची घट्ट कडी असतात, आत मऊ गाभा. गाभ्यातले ॲग्रिकॅनचे मोठाले रेणू पाणी धरून ठेवतात, म्हणूनच गादी भार पेलते. हे रेणू तयार करणाऱ्या पेशी मोजक्याच, आणि प्रौढ माणसात त्यांच्यापर्यंत एकही रक्तवाहिनी पोचत नाही. केशवाहिन्या मणक्याच्या हाडात, कूर्चेच्या पातळ थराशीच संपतात. तिथून पुढे ग्लुकोज आणि ऑक्सिजन नुसत्या विसरणाने, म्हणजे जास्त असतील तिथून कमी असतील तिकडे आपोआप पसरत, आत जातात. नळ वेशीपाशीच संपावा आणि पुढच्या घरांनी झिरपणाऱ्या ओलीवर भागवावं, तसं. कंबरेच्या मोठ्या गादीत हे अंतर ७-८ मिलिमीटरपर्यंत भरतं. पेशीच्या मापाने हा फार लांबचा पल्ला आहे.

विसरण चालतं संहतीतल्या, म्हणजे दोन ठिकाणच्या दाटपणातल्या फरकावर. वाटेतल्या पेशी आपापला वाटा घेत जातात, त्यामुळे गाभ्याच्या मध्यात ऑक्सिजन आणि ग्लुकोज मुळातच जेमतेम उरतात. कडेचा पुरवठा थोडा जरी घटला, तरी मधल्या पेशी उपाशी राहतात. त्यांनी तयार केलेलं लॅक्टिक आम्लही त्याच वाटेने बाहेर पडायचं असतं. ते साचलं की आम्लता वाढते, पेशी मरू लागतात, ॲग्रिकॅन घटतं, पाणी सुटतं आणि गादी चपटी होते.

सिगारेट नेमकी या कडेवरच घाव घालते. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे रक्तातून ऑक्सिजन कमी वाहून नेला जातो. शिवाय प्रयोगशाळेत गाईगुरांच्या गाभ्यातल्या पेशींवर निकोटिन थेट सोडलं, तेव्हा त्यांची वाढ मंदावली. तंबाखू-चुना मळणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. धूर नसला तरी निकोटिन रक्तात उतरतंच.

१९९१ साली फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्यांच्या २० जोड्या तपासल्या गेल्या. प्रत्येक जोडीत एक जण धूम्रपान करणारा, दुसरा न करणारा. धूम्रपान करणाऱ्यांच्या कंबरेतल्या गाद्यांची झीज सरासरी १८ टक्के जास्त निघाली, तीही एखाद्या गादीपुरती नाही, सगळ्या पातळ्यांवर. अर्थात झिजेत आनुवंशिकतेचा वाटा याहून कितीतरी मोठा आहे, हे पुढच्या अभ्यासांतून दिसलं. पण जनुकं बदलता येत नाहीत, सिगारेट सोडता येते.

‘गादी पुन्हा भरून काढणारं’ तेल विकणाऱ्यांना एकच विचारावं: जिथे स्वतःचं रक्त पोचत नाही, तिथे कातडीवर चोळलेलं तेल कुठल्या वाटेने जाणार?

मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेआधी सर्जन सिगारेट बंद करायला सांगतात, तेही पुरवठ्याच्याच कारणाने. नवं हाड धरायला रक्त लागतं. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांचा जोड धरला नाही. न करणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं.